शेवटच्या सात सेकंदांचं गणित: इंदूरला बसून ईबेच्या लिलावात बिड कशी लावायची

आमच्याकडे आजोबांचा एक अल्बम आहे, होळकर संस्थानाच्या पोस्टाच्या तिकिटांचा, आणि त्याच्या पहिल्याच पानावर एक चौकोन कित्येक वर्षं रिकामा होता, खाली आजोबांच्या अक्षरात फक्त "१८८६, अर्धा आणा, तुकोजीराव" एवढंच. संस्थानाचं ते पहिलं तिकीट, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचा चेहरा, आणि त्याच वर्षी महाराज वारले. ते सुटं तिकीट मी पुढे मिळवलं, चौकोन भरला, पण तोपर्यंत मला नाद लागला होता अख्ख्या पाकिटांचा, म्हणजे तिकीट, इंदूरचा शिक्का, पत्ता, सगळं जागच्या जागी असलेलं. अशी पाकिटं इथे राजवाड्यापासून खजुरी बाजारापर्यंत फिरलं तरी क्वचितच दिसतात, आणि दिसतात ती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणाच्या तरी जुन्या संग्रहातून निघालेली, ईबे ह्या परदेशी वेबसाइटवर, ऑनलाइन लिलावात. म्हणून बिड, म्हणजे बोली, लावायला शिकलो. आधी भारतातच शिकलो, कारण बाझी डॉट कॉम ही इथली लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि त्याचं ईबे इंडिया झालं तेव्हा मी तिथे होतो, ते ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाल्यावर सरळ अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या साइटवर जायला लागलो.

आता घरी-दारी कुणीही विचारतं की शेवटच्या सेकंदाला बिड कशी मारतोस, मलाही शिकव. आणि सगळ्यांची समजूत एकच, की हे बोटाच्या चपळाईचं काम आहे. तसं नाहीये. आकडा आधी ठरलेला नसेल तर शेवटचा सेकंद तुम्हाला काहीच मिळवून देत नाही, उलट खड्ड्यात घालतो. खाली जे लिहिलंय त्यातला निम्म्याहून जास्त भाग घड्याळाचा नसून आकड्याचा आहे, तो गाळून थेट घड्याळाकडे जाऊ नका.

आधी हे बघा की लिलाव बंद कसा होतो

लिलाव दोन तऱ्हेने बंद होतात. एक म्हणजे ठरलेली वेळ झाली की खलास, मग कुणी बिड लावत असो वा नसो. ईबे असं चालतं. दुसरी तऱ्हा म्हणजे शेवटच्या काही मिनिटांत कुणी बिड लावली की वेळ आपोआप पुढे ढकलली जाते, आणि सगळे गप्प बसेपर्यंत ढकललीच जाते. अमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले होते, त्यांचा नियम हाच होता, दहा मिनिटं कुणी बिड लावली नाही तरच लिलाव संपायचा. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्या दोन्हींची तुलना करून २००२ मध्ये निबंध छापला (रॉथना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, दुसऱ्या कामासाठी). त्यांना दिसलं की ईबेवर जुन्या वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत आणि कॉम्प्युटरच्या ४० टक्के लिलावांत शेवटची बिड अखेरच्या पाच मिनिटांत आलेली होती, अमेझॉनवर हेच प्रमाण जेमतेम ३ टक्के. माणसं तशीच, वस्तू तशाच, फक्त बंद व्हायचा नियम वेगळा. म्हणून पहिलं काम हे की साइटचा नियम वाचा. वेळ वाढणारा लिलाव असेल तर ह्या लेखातलं घड्याळाचं सगळं सोडून द्या, फक्त आकड्याचं घ्या.

आपल्याकडे बँका जप्त केलेली घरं-दुकानं ई-लिलावात विकतात, सरफेसी कायदा २००२ खाली, ते बहुतेक दुसऱ्या तऱ्हेचे असतात, शेवटच्या पाच किंवा दहा मिनिटांत बिड आली की पुन्हा तेवढाच वेळ वाढतो. तिथे शेवटच्या सेकंदाची वाट बघणं म्हणजे नुसती जोखीम, कारण फायदा शून्य आणि नेट अडकलं तर तुम्ही बाहेर. शिवाय तिथे अनामत आधी भरलेली असते, आणि जिंकलात तर २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते, बाकीची साधारण पंधरा दिवसांत, नाही भरली तर भरलेलं जप्त. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे एवढंच की ईबेची सवय तिकडे नेऊ नका.

ईबे तुमच्या वतीने बिड लावतं, हे नीट समजून घ्या

ईबेवर तुम्ही टाकता तो आकडा म्हणजे तुम्ही देणार ती किंमत नव्हे, तो तुमचा कमाल आकडा. तो कुणाला दिसत नाही. ईबे त्या मर्यादेत तुमच्यासाठी गरजेपुरतीच बिड वाढवत राहतं, आणि शेवटी जिंकणारा साधारण दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या आकड्यापेक्षा एक पायरी वर एवढंच देतो. ही पायरी ठरलेली असते: चालू किंमत ५ ते २४.९९ डॉलर असेल तर अर्ध्या डॉलरची, २५ ते ९९.९९ ला एक डॉलरची, १०० ते २४९.९९ ला अडीच डॉलरची, २५० च्या वर पाचची, ५०० च्या वर दहाची.

उदाहरण घेऊ. पाकिटावर चालू किंमत २२.५० डॉलर दिसतेय. माझा कमाल आकडा ४१.५७. पुढे असलेल्या माणसाने गुपचूप ३६ टाकून ठेवलेत. मी शेवटी बिड लावली तर मी जिंकतो आणि देतो ३७, एकेचाळीस नाही. त्याने ४१ टाकले असतील तर पायरी धरून ४२ व्हायला हवेत, पण माझा कमाल ४१.५७ च आहे, म्हणून मी ४१.५७ ला जिंकतो, पूर्ण पायरी नसली तरी चालतं. त्याने नेमके ४१.५७ च टाकले असतील तर तो जिंकतो, कारण आकडे सारखे असले की आधी टाकणाऱ्याचा मान. आणि त्याने ४५ टाकले असतील तर मी कितव्या सेकंदाला येतो ह्याने काडीचा फरक पडत नाही, मी हरलो, भाव फक्त ४२.५७ पर्यंत चढला.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळा गोंधळ इथे आहे. उशिरा लावलेली बिड समोरच्याच्या मोठ्या आकड्याला हरवू शकत नाही. ती फक्त माणसाला हरवते, जो माणूस स्क्रीनसमोर बसलाय आणि "अरे कुणीतरी वर गेलं, अजून दोन डॉलर टाकू" असं करत जातो. असे लोक खूप असतात, त्यांनी आपला खरा आकडा ठरवलेलाच नसतो, दुसऱ्याची बिड बघून त्यांना वस्तू जास्त हवीशी वाटायला लागते. त्यांना तो पुन्हा विचार करायचा वेळच द्यायचा नाही, एवढंच शेवटच्या सेकंदाचं काम.

दुसराही एक फायदा आहे आणि तिकिटं, नाणी, जुनी कागदपत्रं ह्यांत तो मोठा. ज्याला वस्तूची जाण आहे त्याने आधी बिड लावली की बाकीच्यांना कळतं की ह्यात काहीतरी आहे. सेलरने वर्णनात नुसतं "जुनं भारतीय पाकीट" लिहिलंय आणि तुम्हाला शिक्का बघून कळलंय की हे साधं नाही, तर सहा दिवस आधी बिड लावून तुम्ही गावभर दवंडी पिटताय. रॉथ आणि ऑकेनफेल्सना जुन्या वस्तूंत उशिरा बिड जास्त दिसली त्याचं एक कारण त्यांनीही हेच मांडलंय. तिसरा फायदा, काही सेलर आपल्याच ओळखीच्या माणसाकडून भाव चढवून घेतात (नियमात बसत नाही, तरी होतं), त्यांना तुमचा कमाल आकडा चाचपडत शोधायला वेळ मिळत नाही. बिडचा इतिहास उघडून बघा, नावं झाकलेली असतात पण एखादा नवा कोरा खातेदार पुन्हापुन्हा एकाच सेलरकडे बिड लावतोय आणि कधी जिंकत नाही असं दिसलं तर ती वस्तू सोडून द्या.

आणि हे फसवणूक आहे का, असं माझ्या मावशीने विचारलं होतं, म्हणून लिहितो: नाही. शेवटच्या क्षणाला बिड लावणं ईबेच्या नियमात चालतं, सगळ्यांना तोच नियम लागू आहे, आणि ज्याला हे नको असेल त्याने आपला खरा आकडा आधीच टाकून शांत झोपावं, त्याचं काहीही बिघडत नाही.

आकडा काढायचा तो घरपोच किमतीवरून, उलटा

ह्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कमीत कमी एक संध्याकाळ.

आधी विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. मागच्या तीन महिन्यांतले खरे विकले गेलेले भाव दिसतात. मागणीचे भाव बघू नका, तिथे कुणीही काहीही लिहितं. तुमच्या वस्तूसारख्या पाच-सात विक्र्या बघा, हालत जुळवून बघा (पाकिटाला घडी तिकिटावरून गेलीये का, शिक्का वाचता येतो का, कोपरे), आणि एक भाव मनाशी धरा. मग विचारा, ही वस्तू घरी पोचेपर्यंत माझे एकूण किती रुपये गेले तर मला वाईट वाटणार नाही? समजा सहा हजार.

आता त्यातून एकेक काढत जा. कस्टमसाठी मी ह्या उदाहरणात एक हजार बाजूला ठेवतो, तुमच्या वस्तूवर किती ड्यूटी बसेल ते बिड लावायच्या आधी तपासा, पार्सल दारात आल्यावर नाही. राहिले पाच हजार. डॉलर ८५ धरू, पण कार्डवाले परदेशी खर्चावर मार्कअप लावतात, बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे डॉलर तुम्हाला साडेअठ्ठ्याऐंशीला पडला. पाच हजाराचे झाले साडेछप्पन डॉलर. शिपिंग १५ डॉलर लिहिलंय. उरले साडेएकेचाळीस. बिड हीच. सहा हजाराचं बजेट ऐकायला सत्तर डॉलर वाटतं आणि लोक सत्तरची बिड लावून बसतात, मग घरात आठ-साडेआठ हजाराचं पाकीट येतं आणि बायकोला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न.

गोल आकडा टाकू नका. चाळीस, पन्नास, शंभर असे आकडे सगळेच टाकतात, आणि बरोबरी झाली की आधीचा जिंकतो, आणि तुम्ही तर मुद्दाम सगळ्यात शेवटी येताय म्हणजे बरोबरीत तुम्ही नेहमीच हरणार. म्हणून साडेएकेचाळीसचे ४१.५७ केले.

मग तो आकडा कागदावर लिहा. खरंच कागदावर, पेनने, आणि कीबोर्डशेजारी ठेवा. मी एकदा मनात ठरवून बसलो होतो, शेवटच्या मिनिटात समोर भाव चढताना बघितला आणि "कोण एवढं वर जाणार आहे" म्हणून ठरवलेल्याच्या दुप्पट आकडा टाकला. पलीकडेही कुणीतरी अगदी हेच म्हणून बसला होता. दोन मोठे आकडे एकमेकांवर आदळले आणि मी जवळजवळ पूर्ण दुप्पट रक्कम भरली. ते पाकीट चांगलं आहे, पण अल्बममध्ये त्याच्याकडे बघताना अजून टोचतं. शेवटचा सेकंद स्वस्तात मिळवून देतो ही समजूत मी तेव्हा सोडली, तो फक्त तुमच्या आकड्याला न्याय देतो, आकडा चुकीचा असेल तर चुकीच्यालाही देतो.

आठवडाभर आधीची कामं

वस्तू वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत, टाका. सेलर भारतात पाठवतो का ते बघा, आणि नुसतं बघू नका तर बिडचं पान उघडून खात्री करा, कारण काही सेलर ठरावीक देश ब्लॉक करून ठेवतात आणि ते तुम्हाला बिड लावतानाच कळतं. शेवटच्या सात सेकंदांत "तुम्ही ह्या वस्तूवर बिड लावू शकत नाही" असं लाल अक्षरात वाचणं फार वाईट असतं. अडचण दिसली तर सेलरला नम्रपणे दोन ओळी लिहा, मला बऱ्याच वेळा उघडून दिलंय.

रिझर्व आहे का बघा, म्हणजे सेलरची गुप्त किमान किंमत, ती गाठली गेली नाही तर सगळ्यात वर असूनही वस्तू मिळत नाही. आणि "बाय इट नाऊ" चं, म्हणजे ठरलेल्या किमतीला लगेच विकत घ्यायचं, बटन लिलावाबरोबर दिलंय का तेही बघा. दिलं असेल तर कुणीही येऊन कधीही ती वस्तू उचलू शकतो आणि तुमचे शेवटचे सेकंद येतच नाहीत. अशा वेळी मी गुपचूप राहण्याचा नियम मोडतो आणि किमान बिड लावून टाकतो, कारण रिझर्व नसेल तर साधारणपणे पहिली बिड आली की ते बटन जातं. हे एक, आणि रात्री उठवत नसेल तर (ते पुढे येतंच), एवढं सोडून आधी बिड लावायचं मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

कार्डवर परदेशी व्यवहार चालू आहेत का, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन बघा. जिंकल्यावर चार दिवसांत पैसे गेले नाहीत तर सेलर व्यवहार रद्द करू शकतो आणि तुमच्या खात्यावर डाग राहतो. बिड म्हणजे शब्द दिला, मागे घेता येत नाही असंच धरून चाला. मागे घ्यायची सोय आहे, आकडा टाइप करताना चूक झाली वगैरे कारणांसाठी, पण शेवटच्या सेकंदाला ती वापरायला वेळच नसतो. दशांश चिन्ह विसरून ४१.५७ चे ४१५७ झाले तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा.

वेळ: सोमवारची सकाळ आपली

अमेरिकेतल्या ईबेचं घड्याळ पॅसिफिक वेळेचं आहे, कॅलिफोर्नियाचं. तिकडे उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. बरेच सेलर रविवारी संध्याकाळी लिलाव संपवतात, लोक घरी असतात म्हणून. तिकडचे रविवार संध्याकाळचे सात म्हणजे इंदूरला सोमवार सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. म्हणजे आपल्याला हे सोयीचंच, पोहे-जलेबी आणायला जायच्या आधी किंवा आणल्यानंतर. इंग्लंडचं अवघड आहे. तिकडचे रविवार रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सोमवार लागता लागता रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. गजर लावून उठायचं, आणि अर्धवट झोपेत आकडा बदलायचा नाही.

घड्याळं बदलायच्या तारखा पाठ करा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. इंग्लंडात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली आहे आणि इंग्लंड नाही. मी ह्यात एक पाकीट घालवलंय. सगळा हिवाळा साडेआठची सवय, मार्चमधला तो सोमवार, सव्वाआठला चहा घेऊन बसलो तर लिलाव संपून पाऊण तास झालेला. आणि गेलं किती? माझ्या कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यात. तेव्हापासून मी तास मोजत बसत नाही, वस्तूच्या पानावर "एवढे तास एवढी मिनिटं बाकी" असतं ते आत्ताच्या वेळेत मिळवतो आणि फोनवर दोन गजर लावतो, एक वीस मिनिटं आधीचा, एक पाच.

शेवटची वीस मिनिटं

वीस मिनिटं आधी कॉम्प्युटरवर लॉगिन करा, आधीचं लॉगिन असलं तरी बाहेर पडून परत करा, कारण ईबे मध्येच पासवर्ड किंवा कोड मागतं आणि ते नेमकं बिडच्या वेळी मागितलं तर संपलं. कोड ज्या फोनवर येतो तो फोन शेजारी हवा, चार्ज केलेला. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेतंय ना ते सेटिंगमध्ये बघा.

राउटर इन्व्हर्टरवर आहे का? हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं. आमच्याकडे एकदा पावसाळ्यात दीड मिनिट बाकी असताना लाइट गेली, लॅपटॉप चालूच होता, पण राउटर बंद होऊन परत सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो. आता राउटर एका छोट्या यूपीएसवर आहे आणि शिवाय फोनवर तेच पान मोबाइल डेटावर उघडून ठेवलेलं असतं, तिथेही लॉगिन केलेलं. दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट असलं तर फारच उत्तम.

तीन मिनिटं राहिली की ब्राउझरच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडे वस्तूचं पान, वेळ उलटी धावतेय ते. उजवीकडे बिडची. एक मिनिट राहिलं की उजवीकडे कागदावरचा आकडा टाका, टिंब बघा, कागदाशी एकदा ताडून बघा, पहिलं बटन दाबून कन्फर्मच्या पायरीपर्यंत जा आणि तिथे हात काढून घ्या. ईबे ही स्क्रीन मधूनमधून बदलत असतं, म्हणून नव्या माणसाने आधी दोन-तीन डॉलरच्या वस्तूवर, जी आली तरी चालेल अशा, हे सगळं एकदा करून बघावं, कुठलं बटन कुठे येतं ते हाताला कळलं पाहिजे.

डावीकडचं पान एकदा ताजं करून घ्या म्हणजे उलटी वेळ सर्व्हरशी जुळेल. चालू किंमत बघा. ती तुमच्या आकड्याच्या वर गेली असेल तर लॅपटॉप बंद करा आणि उठा. खाली असेल तर थांबा. तीस सेकंद. वीस. ह्या वेळात बाकीच्यांच्या बिड धडाधड पडायला लागतात, भाव हलतो, त्याच्याकडे बघू नका, तुमचा आकडा ह्या क्षणी बदलण्यासारखं नवीन काहीही तुम्हाला कळलेलं नाहीये, वस्तू काल होती तीच आहे.

सात सेकंदांवर कन्फर्म दाबा.

सातच का, दोन का नाही, हे सगळे विचारतात. बिड तुम्ही कधी दाबली ते नाही, सर्व्हरने कधी नोंदली ते धरलं जातं. इंदूरहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला सिग्नललाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो, त्यावर पान उघडायचा वेळ, तुमच्या बोटाचा वेळ, डावीकडच्या घड्याळातला सेकंदभराचा फरक, हे सगळं मिळून चांगल्या दिवशी दीड-दोन सेकंद, वाईट दिवशी चार. सात सेकंदांत ते बसतं. आणि दुसऱ्या बाजूने बघा, सात सेकंदांत समोरच्या माणसाला भाव वाढलेला दिसायचा, विचार करायचा, नवा आकडा टाइप करायचा, दोनदा दाबायचं, हे जवळजवळ कुणाला जमत नाही. म्हणजे सातवरून दोनवर आलात तर मिळकत काही नाही आणि बिड पोचलीच नाही ही भीती कितीतरी वाढते.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. तुमची बिड त्या क्षणाच्या चालू किमतीपेक्षा एक पायरी तरी वर असावी लागते. दहा सेकंद राहिले असताना दुसऱ्या कुणी भाव ४० वरून ४१ वर नेला तर आता कमीत कमी ४२ हवेत आणि माझे ४१.५७ घेतलेच जात नाहीत. दोनवर वाट बघत बसणाऱ्याला हे जास्त वेळा भोगावं लागतं. स्क्रीनवर असा नकार आला की घाईघाईत मोठा आकडा टाकायचा मोह होतो, टाकू नका, भाव तुमच्या हिशोबाच्या काठावर पोचलाय एवढाच त्याचा अर्थ.

झोपेतून बिड लावून देणाऱ्या सर्व्हिस

गिक्सन किंवा ईस्नाइपसारख्या सर्व्हिस आहेत, तुम्ही वस्तूचा नंबर आणि आकडा देऊन ठेवायचा, त्या शेवटच्या सेकंदांत तुमच्या वतीने बिड लावतात. इंग्लंडच्या रात्री दीडच्या लिलावाला हे सोयीचं आहे, लाइट जायची भीती नाही, आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे आकडा थंड डोक्याने दिलेला असतो, शेवटच्या मिनिटाचा ताप चढत नाही. अडचण ही की त्यांना तुमच्या खात्यात शिरायची परवानगी द्यावी लागते. मी देत नाही. ज्या खात्याला माझं कार्ड जोडलेलं आहे त्याची किल्ली तिसऱ्याकडे ठेवणं मला पटत नाही. तुम्ही दिलीच तर पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि खात्याला कार्ड कायमचं जोडून ठेवू नये.

मग रात्री दीडला उठवत नसेल तर काय? झोपायच्या आधी आपला खरा कमाल आकडा सरळ टाकून द्या. थोडा तोटा आहे, लोक चाचपडून भाव चढवतील, पण तुमच्या आकड्याच्या वर एक पैसाही जाणार नाही. आकडा खरा असेल तर हा मार्गसुद्धा चांगला आहे, आणि माझ्या संग्रहातली काही उत्तम पाकिटं अशीच आली आहेत.

जिंकल्यावर, आणि हरल्यावर

हरलात तर दुसऱ्या नंबरवाल्याला कधीकधी सेलरकडून "तुम्हाला हवं का" अशी ऑफर येते, जिंकणाऱ्याने पैसे दिले नाहीत किंवा सेलरकडे तशीच दुसरी वस्तू आहे म्हणून. ती ईबेच्या आतूनच आलेली आहे ना एवढं तपासा, बाहेरच्या ईमेलवर पैसे पाठवू नका, आणि ऑफर तुमच्याच आकड्याला असते म्हणून घाई नको. एकसारख्या दोन वस्तू लागोपाठ संपत असतील तर पहिलीचा निकाल लागल्याशिवाय दुसरीवर बिड लावू नका, नाहीतर दोन्ही घरी येतील.

जिंकलात तर लगेच पैसे भरू नका, आधी बघा की त्याच सेलरकडे अजून काही तुमच्या कामाचं संपतंय का. मेसेज करून एकत्र शिपिंगचं बिल मागा, पंधरा-पंधरा डॉलर दोनदा जाण्याऐवजी बऱ्याचदा अठरा-वीसमध्ये दोन वस्तू येतात, आणि तो वाचलेला पैसा पुढच्या कागदावरच्या आकड्यात जमा धरायचा. सेलरला दोन गोष्टी लिहा: पाकीट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून प्लास्टिकमध्ये घाला, आणि ट्रॅकिंग असलेल्या पोस्टाने पाठवा. मी पत्त्याखाली फोन नंबरही द्यायला सांगतो, आमच्या पोस्टमनकाकांना त्याने सोपं जातं, ते फोन करून विचारतात घरी आहात का.

पार्सल आलं की उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सीलपासून. काही फाटलेलं, बदललेलं निघालं तर तोच पुरावा. मग पाकीट खिडकीपाशी उजेडात धरून शिक्क्याची तारीख वाचा, लिस्टिंगच्या फोटोशी ताडून बघा, आणि त्या बिडचा तो कागद, ज्यावर आकडा लिहिला होता, त्याच्यावर शेवटी प्रत्यक्ष किती गेले ते रुपयांत लिहून अल्बममध्ये पाकिटाच्या मागे सरकवून ठेवा. माझ्याकडे आता असे पुष्कळ कागद झालेत, आणि पुढचा आकडा काढायला बसलो की विकलेल्या भावांच्या फिल्टरच्या आधी मी तेच काढून बघतो.